निरोगी माणसाचं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत सुरुवातीच्या काळात एक पद्धत होती. रुग्णाच्या जनुकात काही वेगळं दिसलं, की तेच निरोगी माणसांत आहे का, हे आधी तपासायचं. निरोगी माणसांत सापडलं नाही तर ते रोगाचं कारण असू शकतं. सापडलं, तर तो नुसता नाकाडोळ्यांसारखा फरक, सोडून द्यायचा. आता हे निरोगी लोक आणायचे कुठून? रस्त्यातल्या माणसाला थांबवून "तुम्ही ठणठणीत दिसता, जरा रक्त द्या" म्हटलं तर तो पळत सुटेल. मग आम्ही घरचेच पकडायचो. कुणाचा भाऊ, कुणाची वहिनी, कुणाचा पुण्याहून सुट्टीला आलेला दीर. माझ्या नवऱ्याचं रक्त मी स्वतः काढलं, पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. त्याने बाही वर सरकवली आणि म्हणाला, "निरोगी असल्याचं सर्टिफिकेट दे म्हणजे झालं. ऑफिसात लावतो."

रीतसर संमतीपत्रावर त्याने सही केली, मी नळीवर नावाऐवजी आकडा लिहिला, आणि मग आम्ही जेवायला बसलो. आमटीत मीठ कमी होतं यावरून थोडं भांडणही झालं.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य एका रोगात गेलं. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी त्यात एकेक करून मरतात. आधी हात किंवा पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डॉक्टर लोक त्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी फक्त काही घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या का उतरतो, ते शोधते. पण हे नातेवाइकांना कोण समजावणार? हळदीकुंकवालासुद्धा बायका मला कोपऱ्यात घेतात. माझ्या भाच्याचा हात बधिर होतो गं, तेच नसेल ना? मी चिडकी बाई आहे, तरी या प्रश्नाला मी कधी चिडत नाही. मी एवढंच विचारते, "टोचलेलं कळतं का?" कळत नसेल तर मला बरं वाटतं. कारण आमच्या रोगात हात लुळा पडतो, बधिर होत नाही. डास चावलेला कळतो, फक्त हाकलता येत नाही. बधिर हात म्हणजे मान, साखर, आणखी काहीही. मग मी सुटल्यासारखी सांगते, "हे ते नव्हे. दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

आमचं दुसरं काम म्हणजे वंशावळ काढणं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा, वारला असेल तर वरून तिरकी रेघ. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे माणूस सांगतो, "आम्ही तिघे भाऊ," आणि थांबतो. मुली दिल्या, संपल्या. नव्या विद्यार्थ्यांनी आणलेली वंशावळ म्हणजे नुसते चौकोन. पाहिलं की माझं डोकं फिरायचं. "या घरात मुलगे काय झाडाला लागले? बहिणी विचारा, आत्या विचारा, मावश्या विचारा. त्यांच्या सासरी जा." असं मी पुष्कळ ओरडले आहे. माझ्या पाठीमागे ते माझी नक्कल करायचे, तेही मला माहीत होतं.

माझी मुलगी शाळेत होती तेव्हा उरणकडच्या एका गावातून एक गृहस्थ आमच्याकडे आले. कधीकाळी मिठागरं आणि भातशेती असलेलं घर. जमिनी गेल्या, बंदर आलं, आणि आता द्रोणागिरीला त्यांच्या मुलाची गोदामं होती. त्यांचे दोन्ही हात गेले होते, बोलणं जड झालं होतं. त्यांचे वडीलही असेच गेलेले. मी सवयीने विचारलं, "बहिणी?"

"व्हती येक," ते म्हणाले. "मोठी. मी ल्हान असताना वारली. लगीन नाय झालं तिचं."

मी गोल काढला, वर तिरकी रेघ मारली. अविवाहित, मूल नाही. ती फांदी तिथे संपली.

त्यांच्या रक्तात आम्हाला एका जनुकात एक बदल सापडला. एकच अक्षर इकडचं तिकडे. आम्ही हरखलो. मग पद्धतीप्रमाणे निरोगी माणसांच्या नळ्या काढल्या, आणि त्यातल्या एकीत नेमका तोच बदल निघाला. नळी कुणाची, हे मला आकड्यावरून कळलं. पहिल्या काही नळ्यांचे आकडे माझ्याच हातचे होते. घरी येऊन मी नवऱ्याला हसत सांगितलं, "तुझ्यामुळे आमचं एक वर्षाचं काम पाण्यात गेलं." तो म्हणाला, "माझं रक्तच तसं आहे, कुणाचं भलं होऊ देत नाही." उरण आणि पनवेल, एकाच खाडीकाठची माणसं, असतील काही गोष्टी सारख्या, एवढाच विचार मी तेव्हा केला. नियमाप्रमाणे आम्ही तो बदल निरुपद्रवी ठरवला, जगभरच्या संशोधकांच्या सामाईक संग्रहात तशी नोंद केली, आणि त्या घराला कळवलं की तुमच्या रक्तात आम्हाला काही सापडलं नाही. पुढे ते गृहस्थ वारले. आम्ही दुसऱ्या घराण्याकडे वळलो.

यानंतरची बरीच वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. सासरे गेले. सासूबाई ऐंशी उलटूनही पहाटे उठून अंगण नसलेल्या फ्लॅटच्या दारात रांगोळी घालत राहिल्या. आमच्या गॅलरीसमोरची डोंगररांग विमानतळासाठी हळूहळू सपाट झाली. रविवारी नवरा उरणच्या कोळिणीकडून कोळंबी आणायचा आणि स्वतःच सोलायचा, कारण मला त्या कामाचा कंटाळा.

असाच एक रविवार. कोळंबीचं ताट पुढ्यात घेऊन तो बसला होता. मी पेपर वाचत होते. बराच वेळ झाला तरी ताट संपेना म्हणून मी पाहिलं. साल त्याच्या चिमटीतून निसटत होतं. तो पुन्हा धरायचा, पुन्हा निसटायचं. मग त्याने दाताने सोलायचा प्रयत्न केला आणि मला बघताना पाहून हसला. "म्हातारा झालो."

मी त्याचा हात धरला, धुतला, उजेडात नेला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो, तो बसला होता. तिथे खड्डा पडला होता. असा खड्डा मी इतक्या हातांवर पाहिला आहे की डोळे मिटून काढून दाखवीन. माझ्या बांगडीत सेफ्टी पिन असतेच. ती काढली आणि त्याच्या अंगठ्याला टोचली. मनातून म्हणत होते, कळू नको देऊ देवा, कळू नको देऊ. देवाशी माझं फारसं बोलणं नसतं.

"आई गं! काय करतेस?"

"कळलं?"

"न कळायला काय झालं? रक्त आलं बघ."

"मग ठीक आहे," मी म्हटलं, आणि उरलेली कोळंबी सोलून टाकली. दुपारी आम्ही ती भाताबरोबर खाल्ली. मला तिची चव लागली नाही, एवढंच आठवतं. घाबरायला हवं होतं, रडायला हवं होतं, पण आत काहीच हललं नाही. टोचायला हवं होतं मला.

पुढे रीतीप्रमाणे सगळं झालं. डॉक्टर, सुया, विजेच्या तपासण्या. डॉक्टर माझ्या ओळखीचे. ते माझ्याकडे न बघता बोलले तेव्हाच निकाल कळला. जनुकाची तपासणी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत करायला दिली. त्या जनुकातल्या काही बदलांवर आता एक औषध आहे, कण्यातून द्यायचं. बरं करत नाही, पण रोगाचा वेग कमी करू शकतं. लवकर द्यावं लागतं. म्हणून कारण सापडणं महत्त्वाचं होतं.

रिपोर्ट आला. त्या जनुकात बदल होता. एकच अक्षर. ती जागा वाचताच मी ओळखली, शाळेतला हजेरीचा नंबर ओळखावा तशी. खाली शेरा होता: या बदलाचं महत्त्व अनिश्चित, कारण याच भागातल्या एका निरोगी व्यक्तीत तो पूर्वी आढळल्याची नोंद आहे.

ती निरोगी व्यक्ती माझ्यासमोर बसून दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होती.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, सरळ. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्याविरुद्धचा साक्षीदार मीच." मग म्हणाला, "चहा गार झाला, जरा गरम करून दे."

चहा गरम करताना मी विचार करत होते तो त्या उरणच्या गृहस्थांचा. इतका दुर्मीळ बदल दोन घरांत आपोआप येत नाही. कुठेतरी ही दोन घरं एक असली पाहिजेत. आणि सासऱ्यांची तर सात पिढ्यांची माणसं देशावरची. उरल्या सासूबाई. त्यांना माहेर नव्हतं. लग्न होऊन मी आले तेव्हा एवढंच कळलं होतं की त्यांनी मनाने लग्न केलं, परजातीतल्या शाळामास्तराशी, आणि माहेर तुटलं. गाव कुठलं, हे कधी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जगाच्या आत्या-मावश्या धुंडाळणारी मी. घरातल्या बाईला तिचं माहेर विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सासूबाई देवासमोर वाती वळत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आई, तुमचं माहेर कुठलं?"

त्यांनी गावाचं नाव घेतलं. ते ऐकून मला धक्का बसला नाही. मी नुसती मान हलवली.

"तुम्हाला धाकटा भाऊ होता?"

"व्हता." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पुस्तकी बोलणंच ऐकलं होतं, मास्तरांची बायको म्हणून त्या ते घासूनपुसून शिकल्या होत्या. त्या दिवशी ते गळून पडलं. "मी निघून आले ना, तवा बापानं माझ्या नावानं आंघोळ केली. माणूस मेलं की करतात तशी, डोक्यावरून. सगळ्या घरानं केली. तो तर येवढासा व्हता, त्यालाबी घातली. पंधरा दिवसांनी गावातली येक बाय बाजारात भेटली, तिनं सांगितलं. मंग मी परत कवा गेले नाय. मेलेलं माणूस कसं जाईल?"

म्हणजे त्या गृहस्थांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. लहानपणी त्यांना थंडगार पाण्याने आंघोळ घातली होती आणि ताई वारली असं सांगितलं होतं. मी गोलावर रेघ मारली ती एका आंघोळीची. आणि ती वारलेली बाई, अंगात तोच बदल घेऊन, इकडे माझ्या घरात माझ्या मुलीच्या वेण्या घालत होती. काही माणसांत हा बदल असून रोग होतच नाही. तसंच त्यांचं झालं. त्यांनी फक्त पुढे दिला.

"माझ्यामुळं झालं का गं त्याला?" त्यांनी विचारलं.

अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ आहे. कुणामुळे होत नाही, निसर्ग आहे, अपराधी वाटून घ्यायचं नसतं. मी ते सगळं म्हटलं. सासूबाई वाती वळत राहिल्या.

त्या घराला सांगणं भाग होतं. प्रयोगशाळेच्या नैतिकता समितीची परवानगी मिळाली, नवरा म्हणाला, "माझं नाव घालून सांग." सासूबाई न विचारताच नऊवारी नेसून दारात उभ्या राहिल्या. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी थांबत थांबत गेली. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "इथं सगळं मीठ व्हतं."

त्या गृहस्थांच्या पत्नीने दार उघडलं. मी ओट्यावरच उभी राहून सांगितलं. आत जाऊन पाणी पिऊन मग सांगायचं, एवढा धीर नव्हता.

"तुमी तवा सांगितलंत, रक्तात काय नाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्या भरवशावर आमी पोराचं लगीन केलं. नातू झाला. आन् आता सांगता हाय."

"हो," मी म्हटलं. "आमचं चुकलं. मुलाला तपासून घेता येईल. घ्यायलाच हवं असं नाही."

त्यांनी माझ्या मागे बघितलं. "ह्या कोन?"

"मी तुझी नणंद," सासूबाई म्हणाल्या. "मेलेली."

मग ती बाई आत गेली, पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन आली, आणि सासूबाईंसमोर ठेवला. "पाय धुवा आन् आत या," ती म्हणाली. सासूबाईंनी पाय धुतले. मला वाटतं तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मी रस्त्यावरचे ट्रेलर बघत होते.

राहिली आमची मुलगी.

ती पुण्याहून आली तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून तिला सांगितलं. ती या रोगाची भाषा ऐकतच वाढली आहे. तिने एकच विचारलं, "म्हणजे माझं छापा-काटा?"

दुसऱ्यांच्या मुलांना समजावताना मीच हा शब्द वापरत आले. नाणं उडवून दाखवायचे कधीकधी. "हो," मी म्हटलं.

"आजीला आहे आणि आजीला काही झालं नाही."

"हो. तसंही होतं."

ती बराच वेळ बाबांच्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला कळायला नको. आत्ता तरी नको. मी सांगेन तेव्हा."

न कळण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हे वाक्य मी कितीतरी माणसांना, पाणी हवं का विचारावं इतक्या सहज सांगितलं आहे. मुलीलाही सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मला त्याचा राग आला. मला कळायला हवं होतं. लवकर कळलं तर लवकर सुरुवात होते. हातात काहीतरी येतं. मी आई आहे आणि माझ्याकडे यंत्र आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवऱ्याने कोळंबी आणायला लावली. सोलायला आता मुलगी बसली. तो शेजारी बसून तिला सूचना देत होता, आधी डोकं, मग पाय, काळा दोरा काढायला विसरू नकोस. तिची चिमूट घट्ट होती, पटापट सालं निघत होती. मी ओट्याशी उभी होते.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या अंगठ्याकडे बघू नकोस."

"नाही बघत."

"बघतेयस."

मी गॅसकडे तोंड केलं. भात होत आला होता.

संध्याकाळी ती पुण्याला गेली. सोमवारी सकाळी मी बाथरूममध्ये गेले तर तिचा कंगवा तिथेच राहिला होता. त्यात गुंतवळ. लांब, काळे केस, घाईघाईत ओढून काढलेले, आणि टोकाला मुळं. तपासायला किती लागतात ते मला माहीत आहे. एका लिफाफ्यात घातले असते, नळीवर आकडा लिहिला असता, आणि कुणालाच कळलं नसतं, मला सोडून. तिला कधी सांगितलं नसतं. फक्त मला कळलं असतं, की कोळंबी सोलताना बघायचं की नाही बघायचं. बाहेर नवरा हाक मारत होता, बटणं लावायला.

मुलगी लहान असताना सासूबाई तिला सांगायच्या, गुंतवळ बोटाला गुंडाळायचं, त्यावर थुंकायचं आणि टाकायचं. कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. मी या गोष्टीची नेहमी टिंगल केली होती. मी कंगव्यातला एकेक केस सोडवला, बोटाला गुंडाळला, थुंकले आणि डब्यात टाकला. मग तिथेच उभी राहिले. डबा समोर होता.

तेवढ्यात खाली घंटागाडीची घंटा वाजली. मी डबा उचलून पायात चप्पल न घालता जिना उतरले आणि स्वतः तो गाडीत रिकामा केला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले. सगळ्या आयुष्यात हातात आलेल्या नमुन्यांतला हा एकच मी टाकून दिला, आणि तो मला सगळ्यांहून जास्त हवा होता. वर जाताना पायाला खडा टोचला. कळलं.

दारात नवरा अर्ध्या उघड्या शर्टात उभा होता. "कुठे गेली होतीस? आणि रडतेयस का?"

"कचरा टाकायला," मी म्हटलं, आणि त्याची बटणं लावली.